वेंडी हिलर : शिकलेली भाषा आणि मागे उरलेला सूर

वेंडी हिलर (१९१२–२००३) या इंग्लिश अभिनेत्रीच्या कारकीर्दीसंबंधी एक मत वारंवार मांडले जाते. पंचविशीच्या आतच त्यांना असामान्य यश लाभले. बर्नार्ड शॉसारख्या नाटककाराने आपल्या दोन श्रेष्ठ नायिका त्यांच्या हाती सोपवल्या. पुढे मात्र या यशाचा त्यांनी व्हावा तितका उपयोग करून घेतला नाही, चित्रपटांपासून त्या वर्षानुवर्षे दूर राहिल्या आणि उत्तरवयात दुय्यम भूमिकांवर त्यांनी समाधान मानले, असे हे मत आहे. केवळ मोजदाद केली तर ते खरेही वाटते. परंतु अभिनेत्रीच्या कार्याचे मूल्य भूमिकांच्या संख्येवरून किंवा नामावलीतील तिच्या स्थानावरून ठरवावयाचे, की त्या भूमिकांतून कोणता प्रश्न हाताळला गेला यावरून ठरवावयाचे, हे आधी निश्चित केले पाहिजे. हिलरबाईंच्या प्रमुख भूमिका भाषेच्या अंगाने पाहिल्या असता त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झालेला आढळतो. मनुष्य आपली मूळची बोली टाकून दुसरी, अधिक प्रतिष्ठित भाषा आत्मसात करतो तेव्हा त्या पहिल्या बोलीचे काय होते? ती नाहीशी होते, की नव्या भाषेच्या तळाशी कोठे तरी जागी राहते? हा प्रश्न त्यांनी बुद्धिपुरस्सर निवडला असे म्हणावयाचे नाही. नाटककार आणि दिग्दर्शक त्यांच्याकडे ज्या भूमिका घेऊन गेले, त्यांत तो होता. आणि तो ओळखण्याची, ओळखून न सोडण्याची शक्ती या अभिनेत्रीत होती.

चरित्रातील थोडाच तपशील येथे उपयोगाचा आहे. हिलरबाईंचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी चेशायर परगण्यातील ब्रॅमहॉल येथे झाला. वडील कापड धंद्यातील कारखानदार. शिक्षणासाठी मुलीला इंग्लंडच्या थेट दक्षिण किनाऱ्यावर, बेक्सहिल येथील शाळेत पाठवण्यात आले. उत्तरेकडील सधन घराण्यांत मुलींना असे दक्षिणेत धाडण्यामागे बोलण्याचे वळण ‘सुधारावे’ हा हेतू त्या काळी असे, आणि हिलरबाईंच्या बाबतीतही तो होता, असे त्यांच्याविषयीच्या चरित्रपर लेखनात नमूद आहे. म्हणजे शॉच्या एलायझाचा अनुभव, अर्थात् पुष्कळ सौम्य आणि सुखवस्तू रूपात, त्यांनी शाळकरी वयातच घेतला होता. शाळा संपल्यावर त्या उत्तरेत परतल्या आणि मँचेस्टरच्या रेपर्टरी नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. वॉल्टर ग्रीनवुड यांच्या ‘लव्ह ऑन द डोल’ या कादंबरीचे रॉनल्ड गाऊ यांनी केलेले नाट्यरूपांतर १९३४ साली तेथे रंगभूमीवर आले. सॉलफर्डमधील बेकारांच्या वस्तीतली गिरणीकामगार मुलगी सॅली हार्डकॅसल ही त्यातील नायिका. ती भूमिका हिलरबाईंना मिळाली. दक्षिणेतल्या शाळेने जी भाषा पुसून टाकावी अशी अपेक्षा होती, नेमकी तीच भाषा रंगभूमीने त्यांच्याकडे परत मागितली. १९३५ साली हे नाटक लंडनच्या गॅरिक नाट्यगृहात आणि १९३६ साली न्यूयॉर्कला गेले. १९३७ साली गाऊ आणि हिलरबाई यांचा विवाह झाला.

सॅलीचे काम पाहून शॉने त्यांना १९३६ च्या मॉल्व्हर्न महोत्सवासाठी बोलावले. एकाच उन्हाळ्यात ‘सेंट जोन’मधील जोन आणि ‘पिग्मॅलियन’मधील एलायझा डूलिटल या दोन भूमिका त्यांनी केल्या. एक ग्रामीण मुलगी राजदरबारात बोलते, दुसरी फूलविक्रेती मुलगी दिवाणखान्यात. शॉच्या निवडीत केवळ गुणग्राहकता नव्हती. भाषेसंबंधीचे त्याचे आग्रह प्रसिद्ध आहेत. नभोवाणीवरील उच्चारांना प्रमाणरूप देण्यासाठी ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने १९२६ साली एक सल्लागार समिती नेमली होती. डॅनिएल जोन्ससारखा ध्वनिशास्त्रज्ञ तिचा सभासद होता. १९३० नंतर या समितीचे अध्यक्षपद शॉकडे होते. प्रमाण उच्चाराची टर उडवणारा नाटककार आणि प्रमाण उच्चार ठरवणारा अध्यक्ष, या दोन्ही भूमिका एकाच गृहस्थाने वठवाव्यात ही गोष्ट गमतीची खरी, पण ‘पिग्मॅलियन’ समजून घेण्यास ती फार उपयोगी आहे. या नाटकाचे मन एकीकडे नाही.

नाटकाच्या संहितेत एक लक्षणीय जागा आहे. पहिल्या अंकात एलायझा तोंड उघडते तेव्हा शॉ तिची कॉकनी बोली प्रचलित रोमन अक्षरांतच लिहून पाहतो, आणि थोड्याच ओळींनंतर हा प्रयत्न लंडनबाहेरच्या वाचकाला अनाकलनीय ठरेल असे सांगून, क्षमायाचना करून, तो सोडून देतो. ध्वनिलिपीचा एवढा पुरस्कर्ता, पण त्याची लेखणी येथे थांबते. जेथे लेखणी थांबते तेथून नटीचे काम सुरू होते. १९१४ साली लंडनमध्ये हे काम मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी केले. त्या वेळी त्यांचे वय एकोणपन्नास वर्षांचे होते, आणि एलायझा विशीच्या आतबाहेरची आहे. १९३८ च्या बोलपटात हिलरबाई आल्या तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. अँथनी ॲस्क्विथ व लेस्ली हॉवर्ड यांनी हा बोलपट दिग्दर्शित केला, गॅब्रिएल पास्कल निर्माता होता, आणि हिगिन्सची भूमिका हॉवर्डचीच होती.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कॉकनी ही लंडनच्या पूर्व भागातील बोली; हिलरबाईंच्या कानांवर लहानपणी पडलेली बोली वायव्य इंग्लंडमधील. ‘कप’सारख्या शब्दातला स्वर तिकडे ऱ्हस्व ‘उ’कडे झुकतो, ‘बाथ’मधला दीर्घ ‘आ’ तिकडे आखूड होतो. कॉकनीतली लक्षणे निराळी आहेत: ‘ह’चा लोप, दोन स्वरांमधल्या ‘ट’च्या जागी काकल्य स्फोट, ‘रेन’चे ‘राइन’कडे सरकणे. तेव्हा एलायझाची रस्त्यावरची भाषा आणि दिवाणखान्यातली भाषा या दोन्ही हिलरबाईंना शिकूनच घ्याव्या लागल्या होत्या. तिची स्वतःची अशी भाषा त्या दोहोंपैकी एकही नव्हती. पुष्कळ नट्यांची एलायझा एका टोकाला घरच्यासारखी असते आणि दुसऱ्या टोकाला पाहुणी. हिलरबाई दोन्ही टोकांना पाहुण्या होत्या, आणि म्हणूनच त्यांचे लक्ष टोकांवर न राहता मधल्या प्रवासावर राहिले, असे म्हणावयास आधार आहे.

हा प्रवास सर्वांत स्पष्ट दिसतो तो हिगिन्सच्या आईच्या घरच्या चहाच्या प्रसंगात. हिगिन्सने एलायझाला स्वरव्यंजने शिकवली आहेत. काय बोलावे आणि काय बोलू नये, हे शिकवलेले नाही. भाषेचे ध्वनी, तिची शब्दसंपत्ती आणि प्रसंगौचित्य ही तीन अंगे परस्परांपासून किती सुटी असू शकतात, याचे इतके चोख प्रात्यक्षिक भाषाशास्त्राच्या पाठ्यग्रंथांतही क्वचितच मिळेल. हवामानाविषयीचे घोकलेले वाक्य म्हणून झाल्यावर एलायझा आपल्या मावशीच्या मरणाची हकीकत सांगू लागते. तिला इन्फ्लुएन्झाने नव्हे तर घरच्याच माणसांनी मारले असावे हा संशय, बापाचे दारूचे व्यसन, मावशीची गवती टोपी कोणी लांबवली ही शंका, हे सारे ती निर्दोष उच्चारांत सांगते. विनोद उघड आहे. सामान्य नटी तो विनोद आपल्यालाही कळला आहे असे प्रेक्षकाला हळूच सुचवते. हिलरबाई तसे यत्किंचितही सुचवत नाहीत. त्यांची एलायझा पूर्ण गांभीर्याने बोलते, कारण ती आपल्या घरातल्या एका मृत्यूविषयी बोलत आहे. प्रेक्षक हसतात, पण हसता हसता त्यांना एका दरिद्री घराची माहितीही मिळून जाते.

त्यांच्या उच्चारपद्धतीचे आणखी एक अंग तपासण्यासारखे आहे. स्वाभाविक इंग्रजी बोलण्यात बलाघातयुक्त अक्षरे ठसठशीत उमटतात आणि मधली निर्बल अक्षरे आक्रसून जातात. भाषेची लय या आक्रसण्यावर उभी आहे. चहाच्या प्रसंगात हिलरबाईंची एलायझा निर्बल अक्षरांनाही जवळजवळ सारखेच वजन देते. प्रत्येक अक्षर जणू चिमट्याने उचलून जागेवर ठेवलेले आहे. स्वर अचूक, व्यंजने अचूक, पण लय परकी. शिकलेली भाषा जन्मजात भाषेपासून ओळखू येते ती बहुधा याच खुणेने. लंडनमध्ये वावरणाऱ्या इतर प्रांतीयांना आणि परदेशीयांना ही खूण चांगली परिचित असणार. परंतु एखाद्या अभिनेत्रीने ती इतक्या नेमकेपणाने पकडावी ही नवलाची गोष्ट आहे. एलायझा निरोप घेताना ‘ब्लडी’ हा असभ्य शब्द उच्चारते, तोही त्याच निर्मळ, समतोल सुरात. १९१४ साली या शब्दाने नाट्यगृह हादरले होते. १९३८ मध्ये तो ब्रिटिश चित्रपटात उच्चारला गेला तेव्हा धक्क्याची धार बरीच बोथट झालेली होती; हिलरबाईंनी तो शब्द धक्का देण्यासाठी उच्चारलेलाच नाही. एलायझाच्या दृष्टीने तो एक साधा क्रियाविशेषणवजा शब्द आहे, आणि त्या तो तसाच उच्चारतात.

लयीची ही पूर्वतयारी बोलपटासाठी नव्याने घातलेल्या वकिलातीतल्या नृत्यसमारंभाच्या प्रसंगात फळाला येते. तेथे कार्पथी नावाचा हंगेरियन भाषातज्ज्ञ एलायझाचे बोलणे ऐकून निर्णय देतो की ही मुलगी इंग्रज नाहीच. ती हंगेरियन आहे आणि राजघराण्यातली आहे. त्याचे कारण असे की, ती इंग्रजी फारच चांगले बोलते, आणि इतके चांगले इंग्रजी ज्याला ते शिकवले गेले आहे असा परकीयच बोलू शकतो. प्रेक्षक कार्पथीच्या मूर्खपणाला हसतो. पण कार्पथीचा निष्कर्ष चुकला असला तरी त्याचे निरीक्षण चुकलेले नाही. एलायझा खरोखरच शिकलेली भाषा बोलत आहे. ही भाषा तिच्या जन्मभूमीची असली तरी तिच्या जन्माची नाही. हिलरबाई या संपूर्ण प्रसंगात अगदी मोजके बोलतात, आणि झोपेत चालणाऱ्या माणसासारख्या वावरतात. विजयाच्या क्षणी एलायझाचा चेहरा रिकामा दिसतो, ही कल्पना त्यांच्या अभिनयातली सर्वांत धाडसी कल्पना होय.

नाटकाच्या शेवटच्या अंकात शॉने दोन परस्परविरोधी पुरावे शेजारी शेजारी ठेवले आहेत. परदेशात नेलेले मूल जसे आपली भाषा विसरते तशी आपण आपली भाषा विसरलो आहोत, आता तुमच्याच भाषेत बोलता येते, असे एलायझा कर्नल पिकरिंगला सांगते. एवढ्यात तिचा बाप लग्नाच्या झगझगीत पोशाखात समोर उभा राहतो, आणि तिच्या तोंडून पहिल्या अंकातला तोच लांबलचक, बेढब चीत्कार बाहेर पडतो. हिगिन्सला आनंद होतो. त्याला वाटते, शिकवणूक फुकट गेली. वस्तुतः या चीत्काराचा अर्थ हिगिन्सलाही कळलेला नाही. व्याकरण विसरता येते, शब्द विसरता येतात. आश्चर्य आणि भय यांचा सूर विसरता येत नाही. बोलपटाचा शेवट शॉच्या मनाविरुद्ध बदलण्यात आला आणि एलायझा हिगिन्सकडे परत आली, हे सर्वश्रुत आहे. तो शेवट नाटकाच्या तर्काला धरून नाही, याविषयी दुमत नसावे. तरी त्यात एक चित्र असे आहे की जे शॉलाही सुचले असते तर आवडले असते: हिगिन्स यंत्रावर एलायझाचा जुना आवाज ऐकत बसला आहे, आणि ती येऊन आपल्याच त्या आवाजापाशी उभी राहते.

या बोलपटाबद्दल हिलरबाईंना ऑस्करसाठी नामांकन मिळाले. पटकथेचे ऑस्कर शॉ व त्याच्या सहकाऱ्यांना मिळाले. पुढे याच कथेवर संगीतिका रचली गेली. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ या चित्रपटात ऑड्री हेपबर्न एलायझा झाल्या. त्यांची एलायझा समारंभात शोभते आणि फुलांच्या टोपलीपाशी अवघडते. हिलरबाईंची एलायझा टोपलीपाशी पाय रोवून उभी असते. शिवाय उच्चार आणि आवाज हाच ज्या कथेचा विषय, त्या चित्रपटातील नायिकेची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या दुसऱ्याच गायिकेच्या आवाजात आहेत, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. मराठी वाचकाला येथे ‘ती फुलराणी’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. पु. ल. देशपांडे यांचे हे रूपांतर १९७५ साली रंगभूमीवर आले, आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा मराठी प्रेक्षकाच्या स्मरणात कायमची राहिली. इंग्लंडात जी रेषा ‘ह’च्या अस्तित्वाने किंवा अभावाने ओढली जाते, ती मराठीत ‘न’ आणि ‘ण’ यांच्या भेदाने ओढली जाते. आणि ती केवळ वर्गाची रेषा नसून जातीचीही असते, त्यामुळे मराठी प्रेक्षकाचे हसू अधिक अडचणीचे होते. बर्वे यांच्या सर्वांत गाजलेल्या स्वगतात मंजुळा आपल्या मूळ बोलीतच प्रोफेसरावर उसळून उठते; जुनी बोली तेथे उघड्यावर येऊन बंड करते. या स्वगताचे मूळ शॉच्या नाटकात नसून संगीतिकेतील गीतात आहे. शॉची संहिता हाती असलेल्या हिलरबाईंना ही मोकळीक नव्हती. त्यांना बंड नव्या भाषेच्या आतूनच करावे लागले, आणि ते त्यांनी लयीतून केले.

१९४१ च्या ‘मेजर बार्बारा’विषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. लंडनवर बाँबवर्षाव होत असताना चित्रित झालेल्या या बोलपटात त्यांनी बार्बाराची श्रद्धा आणि ती भंगतानाची वेदना समर्थपणे दाखवली, परंतु पास्कलचे दिग्दर्शन नाटकाच्या भाराखाली वाकलेले आहे. १९४५ चा ‘आय नो व्हेअर आय ॲम गोइंग’ मात्र निराळ्या दर्जाचा आहे. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांच्या या चित्रपटातील जोन वेब्स्टर ही मँचेस्टरमधील बँक व्यवस्थापकाची मुलगी. एका धनाढ्य कारखानदाराशी लग्न करण्यासाठी ती स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटावर निघाली आहे. तिच्या बोलण्यात उत्तरेचा मागमूस नाही. तिची वाक्ये सूचनांची, वेळापत्रकाची, हमालांना आणि नोकरांना हुकूम सोडणारी आहेत. आवाजात हिलरबाईंचा तो प्रसिद्ध सूक्ष्म कंप आहे, पण येथे तो घाईचा वाटतो. वादळामुळे होडी सुटत नाही आणि मुलीला मल बेटावर अडकून पडावे लागते. तेथे सभोवती लोक गेलिक बोलतात. हुकूम सोडण्यात तरबेज असलेली ही मुलगी प्रथमच अशा ठिकाणी येते जेथे ऐकलेले कळत नाही. एका वृद्ध दांपत्याच्या विवाहाच्या वाढदिवशी गायल्या जाणाऱ्या गेलिक गीताचा अर्थ तिचा सोबती टॉर्किल तिला ओळीओळीने सांगतो, आणि भाषांतराच्या निमित्ताने शेवटच्या ओळीत स्वतःच्या मनातले बोलून घेतो. त्या क्षणी हिलरबाईंना वाक्य नाही. आजवर प्रत्येक गोष्टीला तयार उत्तर असणाऱ्या मुलीची उत्तर देण्याची सवय कशी तुटते, हे त्या केवळ ऐकण्याच्या अभिनयातून दाखवतात. वारा थांबावा म्हणून छताच्या तुळया मोजत प्रार्थना करताना तर तिचा आवाज लहान मुलीचा होतो. प्रार्थनेत आणि मोजणीत प्रमाण उच्चाराचे काही काम नसते.

१९६० सालचा ‘सन्स अँड लव्हर्स’ हा चित्रपट मात्र प्रस्तुत दृष्टीने केंद्रवर्ती मानला पाहिजे. लॉरेन्सच्या १९१३ च्या कादंबरीत बाप मॉरेल हा नॉटिंगहॅमशायरचा खाणकामगार असून तेथल्या बोलीत बोलतो. त्याची बायको गर्ट्रूड मात्र कटाक्षाने शुद्ध इंग्रजी बोलते. घरातला संघर्ष दारूचा आहे, दारिद्र्याचा आहे, तसाच तो भाषेचाही आहे. बापाची बोली की आईची भाषा, हा मुलांपुढचा रोजचा प्रश्न आहे. आणि पॉल प्रेमाच्या उत्कट क्षणी बोलीकडे वळतो हे लॉरेन्सने बारकाईने टिपले आहे. जॅक कार्डिफ यांच्या चित्रपटात मॉरेल ट्रेव्हर हॉवर्ड यांनी आणि मिसेस मॉरेल हिलरबाईंनी साकार केली. या भूमिकेत दोन सापळे होते. मिसेस मॉरेलला गर्विष्ठ दाखवणे सोपे, आणि तिला निव्वळ दुःखी दाखवणे त्याहून सोपे. हिलरबाईंनी दोन्ही टाळले. त्यांची मिसेस मॉरेल आपले उच्चार असे जपते की जणू मोडक्या घरातले ते एकच न गहाण पडलेले भांडे आहे. नवऱ्याशी बोलताना तिची वाक्ये आखूड आणि स्वच्छ होतात; मुलाशी बोलताना तीच भाषा सैल पडते, तिच्यात ऊब येते, आणि ती ऊबच मुलाला बांधून ठेवते. शुद्ध भाषा येथे शिडीही आहे आणि दोरखंडही आहे. मॉरेल दारूच्या भरात असतो तेव्हाही प्रेक्षकाची सहानुभूती क्षणभर त्याच्याकडे सरकते, याचे श्रेय हॉवर्ड यांच्याइतकेच हिलरबाईंना आहे. कारण आपल्या शुद्धतेने नवऱ्याला घरातल्या घरात परका केल्याची जाणीव त्या मिसेस मॉरेलच्या डोळ्यांत ठेवतात. चित्रपटातील त्यांचे श्रेष्ठ काम हेच. ज्या कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले ती ‘सेपरेट टेबल्स’मधील (१९५८) हॉटेल चालवणारी पॅट कूपर संयत आणि सुरेख आहे, खोल्या, जेवणे, बिले यांच्या व्यावहारिक भाषेच्या आड एक प्रेम गिळून टाकणारी ही बाई विसरली जात नाही. पण भूमिकेचा आवाका लहान आहे, आणि पारितोषिके नेहमी योग्य वर्षी मिळतात असे नाही.

रंगभूमीवरील कामाचा स्वभावच असा की प्रयोगाबरोबर पुरावा संपतो. म्हणून त्याचा येथे धावता उल्लेख करणेच योग्य. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द एअरेस’मधील कॅथरिन स्लोपर, आणि १९५० मध्ये लंडनला पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्यानंतर तीच भूमिका, १९५१ मध्ये ईडिथ एव्हान्स आणि सिबिल थॉर्नडाइक यांच्याबरोबर ‘वॉटर्स ऑफ द मून’, १९५५-५६ च्या हंगामात ओल्ड व्हिकमध्ये शेक्सपिअर, त्यात ‘ऑथेल्लो’मधील एमिलिया, १९५७ साली ओनीलची जोसी होगन, १९७२ साली ‘क्राउन मॅट्रिमोनियल’मधील राणी मेरी. एवढी यादी नुसती वाचली तरी कारकीर्द अर्धवट सोडल्याचा आक्षेप किती पोकळ आहे ते ध्यानात येते. चित्रपटांतील खंड हा रंगभूमीवरील आणि संसारातील भर होता. १९७५ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९८८ साली, पंचाहत्तरी गाठलेली असताना, त्यांनी लंडनमध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’तील डेझी रंगवली.

सर्वच भूमिका सारख्या तोलाच्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९७४ च्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’मधील रशियन राजकन्या ड्रॅगोमिरॉफ प्रेक्षकांना आवडली, पण तेथे परकी उच्चारपद्धती ही पांढऱ्या रंगलेपनासारखी वरून चढवलेली आहे. तिच्याखाली कोणतीही दुसरी भाषा ऐकू येत नाही. उच्चारांची नक्कल हा अभिनयातला सर्वांत सुलभ आणि सर्वांत टाळ्याखाऊ भाग असतो. हिलरबाईंनी आयुष्यभर जो मोह टाळला त्याला येथे त्या वश झाल्या. उलट १९६६ च्या ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’मधील ॲलिस मोअर पाहावी. पॉल स्कोफील्ड यांचा सर टॉमस मोअर कायदेपंडिताच्या कमावलेल्या, पायऱ्यापायऱ्यांनी चढणाऱ्या वाक्यांत बोलतो. त्याचे मौनदेखील एक कायदेशीर युक्तिवाद असते. त्याच्या बायकोजवळ युक्तिवाद नाही. तुरुंगातील अखेरच्या भेटीत तो तिच्या हातच्या पदार्थाची, तिच्या पोशाखाची स्तुती करू लागतो तेव्हा ती चिडते. आपण का मरतो आहोत हे बायकोला न कळता मरावे लागेल या भीतीने तो कासावीस होतो, आणि ती त्याला साफ सांगते की आपल्याला ते कळलेले नाही. हिलरबाई हे उद्गार खालच्या, खरखरीत सुरात काढतात. एवढ्या वाक्पटू चित्रपटात तो सूर अचानक जमिनीतून आल्यासारखा वाटतो. पुढच्या क्षणी ती त्याला कवटाळते, पण न कळल्याचे विधान मागे घेत नाही.

१९८० साली डेव्हिड लिंच यांच्या ‘द एलिफंट मॅन’मध्ये त्या लंडनमधील रुग्णालयाची मेट्रन मदर्सहेड झाल्या. भूमिका लहान आहे आणि समीक्षेत तिचा उल्लेखही क्वचित होतो. पण या चित्रपटाच्या मध्यभागी उच्चारांचाच एक धडा आहे. विद्रूप जॉन मेरिक माणूस आहे की नाही, त्याला रुग्णालयात ठेवावयाचे की नाही, हे तो बोलू शकतो की नाही यावरून ठरावयाचे आहे. म्हणून डॉक्टर ट्रीव्ह्ज त्याला चार वाक्ये पढवून वरिष्ठांपुढे उभा करतो. पढवलेली वाक्ये संपतात, परीक्षा फसल्यासारखी वाटते, आणि मग मेरिक न शिकवलेले स्तोत्र आपण होऊन म्हणू लागतो. ‘पिग्मॅलियन’नंतर बेचाळीस वर्षांनी हिलरबाई पुन्हा अशा एका घरात आहेत जेथे कोणी एक विद्वान कोणा एका अभाग्याला बोलावयास शिकवत आहे, फरक एवढाच की आता त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, हाती किल्ल्या घेऊन उभ्या आहेत. मेरिकला भेटण्यासाठी समाजातील प्रतिष्ठितांची रीघ लागते, आणि ट्रीव्ह्ज या यशावर संतुष्ट असतो. तेव्हा मदर्सहेड त्याला सुनावते की हे लोक केवळ आपल्या मित्रमंडळींत मिरवण्यासाठी येतात, आणि त्या माणसाकडे पूर्वी जत्रेत लोक जसे टक लावून पाहत तसेच आताही पाहिले जात आहे. मायेचेच बोलावयाचे तर आपण स्वतः आणि आपल्या परिचारिकांनी त्याला न्हाऊ घातले, त्याची देखभाल केली, त्याला स्वच्छ ठेवले, असे ती सांगते. हे बोलताना हिलरबाईंच्या वाक्यांत एकही अलंकार नाही, आवाज चढत नाही, आणि शब्दांच्या मधल्या निर्बल अक्षरांना कोठेही फाजील वजन नाही. ट्रीव्ह्ज निरुत्तर होतो. त्या रात्री तो झोपू शकत नाही, आणि आपण चांगला मनुष्य आहोत की वाईट, असे बायकोला विचारतो.